तिरका फोटो सरळ केला की कडेची माणसं कापली जातात, काय करावं?

तुमचं म्हणणं असं की गोदाघाटावर घरच्यांचा ग्रुप फोटो काढला, तो तिरका आला, मोबाईलमध्ये सरळ करायला गेलं की डावीकडचे काका अर्धे गायब होतात, आणि त्याचीच ६ बाय ४ची प्रिंट काढून फ्रेम करायचीय. मी नाशिकचाच, आमच्या घरात घाटावरचे कललेले फोटो ढिगाने आहेत, त्यामुळे जे चुकत चुकत शिकलो ते सांगतो.

पहिलं म्हणजे फोटो कशाच्या हिशोबाने सरळ करताय ते बघा. बहुतेकजण घाटाची पायरी नाहीतर पलीकडचा काठ धरतात आणि तिथेच फसतात, कारण पायरी आपल्यापासून लांब जात असेल तर ती फोटोत तिरकीच दिसणार, ती आडवी केली की माणसं पडायला लागतात. काठाच्या अगदी समोरासमोर उभे असाल तरच काठ आडवा धरायचा. नाहीतर सरळ उभी रेघ शोधा, दिव्याचा खांब, देवळाची चौकट असं काहीतरी, आणि तेही फोटोच्या मध्याजवळचं, कडेचं नको. सकाळचा फोटो असेल आणि पाणी संथ असेल तर अजून सोपं, नारोशंकराच्या देवळाचा कळस आणि पाण्यात पडलेलं त्याच कळसाचं प्रतिबिंब यांना जोडणारी रेघ उभीच असते, गवंड्याचा ओळंबा समजा. पुरात तर सगळं गाव दुतोंड्या मारुतीचा, म्हणजे गोदावरीच्या पात्रातल्या मोठ्या मूर्तीचा, फोटो काढतं, पाणी कुठवर आलं ते दाखवायला, आणि नेमका तोच फोटो तिरका, म्हणजे पाणी मारुतीच्या एका बाजूला कमरेला आणि दुसऱ्या बाजूला खांद्याला!

माझी स्वतःची फजिती सांगतो. पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्यासमोर सगळ्या मावश्या उभ्या, मी आपलं वाड्याच्या भिंतीला धरून फोटो सरळ केला, भिंत एकदम मस्त उभी राहिली आणि मावश्या सगळ्या एसटीने वळण घेतल्यासारख्या एका बाजूला. मग लक्षात आलं की भिंतच मुळात कललेली होती, शंभर वर्षांच्या वाड्याकडून अजून काय अपेक्षा ठेवणार.

आता तुमचे काका. फोटो फिरवला की चारही कोपऱ्यांत रिकाम्या फटी पडतात आणि त्या घालवायला आतलं कापावं लागतं, यातून सुटका नाही. पण किती कापायचं ते आपल्या हातात आहे आणि इथेच गंमत आहे. मोबाईलच्या आडव्या फोटोचं रुंदी-उंचीचं प्रमाण साधारण ४:३ असतं, समजा ४००० बाय ३००० पिक्सेल, आणि ६ बाय ४ची प्रिंट असते ३:२. फोटो ३ अंश तिरका असेल आणि ४:३ तसंच ठेवून सरळ केला तर उरतो ३७४४ बाय २८०८. मग लॅबवाला तो ३:२मध्ये बसवायला वरून खालून अजून छाटतो, पण रुंदी आधीच गेलेली असते. त्यापेक्षा सरळ करतानाच ३:२ धरलं तर रुंदी ३८७० मिळते, म्हणजे १२६ पिक्सेल जास्त, काकांचा खांदा नक्की वाचतो. डोक्यावर आभाळ आणि पायाशी फरशी थोडी जास्त जाईल, ती कोणाला हवीय. ६ बाय ४ला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, १८०० बाय १२०० पुरतात, तेव्हा क्वालिटीची काळजी सोडा.

मोबाईलवर गूगल फोटोजमध्ये एडिट, मग क्रॉप, तिथे आधी ३:२ निवडा आणि नंतरच खालची पट्टी सरकवा, क्रम उलटा करू नका. पूर्वी कॉम्प्युटरवर फोटोंसाठी गूगलचं पिकासा होतं तेव्हा एक स्लायडर आणि फोटोवर जाळी, संपला विषय, पण ते २०१६मध्ये बंद केलं.

कॉम्प्युटरवर मी गिम्प (GIMP) हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरतो, फुकट आहे. त्यात मेझर टूल घ्यायचं, खांबाच्या बुडापासून टोकापर्यंत रेघ ओढायची आणि टूलच्या ऑप्शन्समध्ये स्ट्रेटन बटण दाबायचं, अंश वगैरे मोजत बसायला नको. तिथेच क्लिपिंग म्हणून असतं ते ॲडजस्टवर ठेवा, मग इमेज मेनूतून फिट कॅनव्हास टू लेयर्स करा, म्हणजे फिरवलेला अख्खा फोटो रिकाम्या कोपऱ्यांसकट दिसतो. मग क्रॉप टूलमध्ये फिक्स्ड आस्पेक्ट रेशो ३:२ टाकून चौकट आपल्या हाताने बसवायची, काकांच्या बाजूला जेवढी सरकेल तेवढी, फक्त रिकाम्या कोपऱ्यांत जी चौकटी-चौकटींची नक्षी दिसते ती आत येऊ द्यायची नाही. काही ॲप ते कोपरे आपोआप भरून देतात, आभाळ असेल तर चालून जातं, पण घाटाच्या दगडात ते ठिगळ लगेच दिसतं.

आणि हो, काळारामाचं शिखर खालून वर बघत काढलं की दोन्ही बाजू आत झुकतात, तो तिरकेपणा वेगळा, तो कितीही फिरवला तरी जात नाही, एक बाजू सरळ केली की दुसरी अजून वाकते. त्याला पर्स्पेक्टिव्ह टूल लागतं, मोबाईलच्या स्नॅपसीड ॲपमध्ये आहे, आणि ते जपून वापरा नाहीतर देऊळ वर पसरल्यासारखं दिसतं.

फिरवायचं ते एकदाच फिरवा. थोडं फिरवून सेव्ह, परत उघडून अजून थोडं, असं केलं की दरवेळी फोटो किंचित मऊ पडतो, जेपीजी दरवेळी नव्याने दाबला जातो तो वेगळाच. चुकलं तर अनडू करून मूळ फोटोपासून परत करा, आणि मूळ फाईलवर कधीच सेव्ह करू नका, कॉपीवर काम करा. गिम्पमध्ये नुसतं सेव्ह केलं की एक्ससीएफ, म्हणजे गिम्पची स्वतःची फाईल होते, जेपीजी हवी तर एक्सपोर्ट करावं लागतं. मी एकदा असाच पेनड्राईव्हमध्ये तेरा एक्ससीएफ घेऊन प्रिंट काढायला गेलो होतो, दुकानदाराने दोन-तीनदा क्लिक करून बघितलं आणि म्हणाला साहेब यात फोटोच नाहीत. भर उन्हात परत घरी.

एवढं करूनही काका कापले जात असतील तर ३ऐवजी अडीच अंशच फिरवा, अर्धा अंश राहिला तर ६ बाय ४च्या प्रिंटवर कोणाच्या लक्षातही येत नाही, अर्धे काका मात्र सगळ्यांच्या लक्षात येतात.