समुपदेशनाच्या तारखा भरल्या म्हणून अर्ज मागे घेऊ नका

ताई, मारहाणीविरुद्ध तुम्ही अर्ज केलात, कोर्टाने नवऱ्याला समुपदेशनाला पाठवलं, चारही तारखांना तो हजर राहिला आणि आता 'सुधारलाय, अर्ज मागे घे' असा माहेर-सासर दोन्हीकडून धोशा चाललाय, हे वाचलं. आमचंही घोडं नेमकं इथेच पेंड खात होतं, म्हणून लिहितेय. मी वकील नाही. सही करण्याआधी तुमच्या वकिलांना विचाराच.

2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा, घटना अहवाल (छळाची अधिकृत नोंद) वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच. घोळ कलम 14 चा होतो. त्यात समुपदेशन आहे, हिंसक वागणं बदलायचे उपचार नाहीत. कॅलिफोर्नियात घरच्या मारहाणीत दोषी ठरून प्रोबेशनवर (देखरेखीखाली) सुटलेल्याला 52 आठवडे, दर आठवड्याला दोन तास असं वागणं बदलायच्या गटात बसावं लागतं. तरी अमेरिकेतल्या अशा गटांचे निकाल बेताचेच आहेत. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत 404 पुरुष घेऊन 26 आठवड्यांचा गट तपासला. गटात घातलेले आणि न घातलेले यांच्या वागण्यात ठळक फरक सापडला नाही. मग आपल्याकडे चार बैठकांत काय होणार? हजेरीचा कागद फक्त हजेरी सांगतो.

सगळ्यात महाग पडते ती चूक म्हणजे संरक्षण आदेश (नवऱ्याला हिंसेची मनाई करणारा कोर्टाचा हुकूम) हातात नसताना तडजोडीवर सही. एका कार्यालयात (नाव घेत नाही) दोघांना समोरासमोर बसवून 'टाळी एका हाताने वाजत नाही' इथूनच सुरुवात झाली. हे नियमाला धरून नाही. याच कायद्याच्या 2006 च्या नियमांतला नियम 14 सांगतो की मारहाणीचं समर्थन तिथे करताच येत नाही आणि हे नवऱ्याला आधीच बजावायचं असतं. पुन्हा असं करणार नाही, असं हमीपत्रही त्याने द्यायचं असतं. एकत्र बसायचं नसेल तर वेगळ्या बैठकीसाठी कोर्टात लेखी अर्ज द्या. कलम 14 मध्ये एकत्र आणि वेगळं, दोन्हीची सोय आहे.

पण हमीपत्रावर विसंबू नका. कलम 31 ची शिक्षा (एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही) संरक्षण आदेश किंवा अंतरिम (निकालाआधीचा तात्पुरता) संरक्षण आदेश मोडला तर आहे, नुसतं हमीपत्र मोडलं तर नाही. म्हणून आधी कलम 23 खाली अंतरिम आदेश मागा, समुपदेशन नंतर चालू द्या. तडजोड करायचीच असेल तर तिच्या अटी कलम 18 च्या आदेशात उतरवून घ्या. हा आदेश तुम्ही स्वतः रद्द करायला अर्ज करेपर्यंत चालू राहतो; अर्जच मागे घेतलात तर हातात काहीच उरत नाही. हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि सांगणं ज्यांचं काम होतं त्यांना फाइल बंद करायची घाई होती. असो.

आदेशाची प्रत कलम 24 प्रमाणे फुकट मिळते आणि पोलीस ठाण्यालाही जाते. गेली का, ते ठाण्यात जाऊन बघा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बाईला उत्पन्नाची अट नसते. आणि 'दारू सुटली की सगळं सुटेल' म्हणणाऱ्यांना एकच विचारा: प्यायलेला असताना तो साहेबावर हात उगारतो का?