फोर-हायला टाकलं की पुढच्या ॲक्सलमधून कुईं आवाज येतो. क्राऊन-पिनियन बदलावं का?

लगेच तरी नका बदलू.

तुम्ही लिहिलंय की पिकअप टू-हायला (फक्त मागची चाकं ओढतात तेव्हा) गप्प असते, फोर-हायला (चारही चाकं ओढतात तेव्हा) ताशी ४० ते ६० किमीच्या दरम्यान पुढून ओरडते आणि गॅरेजवाला क्राऊन-पिनियनचा, म्हणजे डिफरन्शियलमधल्या मोठ्या-छोट्या दातेरी चाकांच्या जोडीचा, सेट घालायला सांगतोय. पुण्यात हे उत्तर इतकं पाठ झालंय की गाडीखाली कोणी शिरायच्या आधी नाना पेठेत सेटचा भाव विचारायला फोन जातो. पण तुमच्याच प्रश्नात मधे एक वाक्य आहे: पिनियनचं ऑइल सील हल्लीच बदललंय. मी तिथून सुरुवात करीन.

सील बदलायचं तर पिनियनच्या टोकावरच्या फ्लँजचा (प्रॉपेलर शाफ्ट जिथे जोडतो तो भाग) नट काढावा लागतो. बऱ्याच ॲक्सलमध्ये पिनियनच्या दोन बेअरिंगांच्या मधे क्रश स्लीव्ह, म्हणजे चेपणारी नळी, असते. नट आवळताना ती चेपते आणि ती किती चेपली यावर बेअरिंगचा प्रीलोड (त्यावरचा कायमचा दाब) ठरतो. वापरलेल्या बेअरिंगवर पिनियन फिरवायला साधारण १ ते २ न्यूटन मीटर जोर लागला की पुरे. नट मात्र २०० च्या वर घेतो. एवढ्या तफावतीच्या कामाला एअर गन लावून ‘झालं टाइट’ म्हणणाऱ्यांशी वाद घालून लोक थकलेत. स्लीव्ह प्रमाणाबाहेर चेपली की बेअरिंग दाबलं जातं, तापतं, रेस (बेअरिंगची कडी) खरवडते आणि थोड्याच दिवसांत ओरडायला लागतं. मग नट सैल करून उपयोग नाही, चेपलेली स्लीव्ह परत फुगत नाही, नवीच घालावी लागते. नट ढिला राहिला तर उलटं: पिनियन मागेपुढे सरकतं, दातांची पकड बदलते, तरीही कुईंच. दोन्ही वेळा बिल फाटतं ते क्राऊन-पिनियनचं.

रीत अशी आहे. प्रॉपेलर शाफ्ट सोडायचा, चाकं मोकळी उचलायची, ब्रेक घासत नाहीत हे बघायचं आणि छोट्या टॉर्क पान्ह्याने पिनियन सावकाश फिरवून आकडा लिहून ठेवायचा. नट, फ्लँज आणि पिनियनचं टोक या तिन्हींवर पंचची खूण करायची. सील बसल्यावर हातपान्ह्याने त्याच खुणेवर, फार तर केसभर पुढे आणायचं आणि आकडा पुन्हा मोजायचा. तुमच्याकडे यातलं काही झालं होतं का, एवढं विचारा. (काही ॲक्सलमध्ये स्लीव्हऐवजी शिम, म्हणजे पातळ चकत्या, असतात. तिथे नट सरळ कंपनीच्या टॉर्कला आवळायचा.)

आता परीक्षा. पुढच्या चाकांना ॲक्सलशी जोडणारे हब मोकळे असतील तर टू-हायला पुढचा डिफरन्शियल फिरतच नाही, मग तो वाजणार कसा? म्हणून हब लॉक करा आणि लिव्हर टू-हायलाच ठेवा. आता चाकं ॲक्सल फिरवतात, पण ओढ नसते. तरी आवाज आला आणि वेगाबरोबर चढत गेला तर बेअरिंग. तो फक्त फोर-हायला, ठरावीक वेगात आणि ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना बदलत असेल तर दात. तुमचा ४० ते ६० चा पट्टा दातांकडे झुकतो हे खरं, पण ढिल्या पिनियनचे दातही तसेच बोलतात. फोर-हायची चाचणी कोरड्या डांबरावर करू नका, ट्रान्समिशन पीळ खातं. पिरंगुटच्या पुढे एखादा सरळ मुरमाचा रस्ता शोधा.

थोडा आवाज पुढच्या ॲक्सलचा स्वभावही असतो. पिनियन खालच्या बाजूला असलेल्या बऱ्याच ॲक्सलमध्ये गाडी पुढे ओढताना दातांची मागची बाजू काम करते, म्हणून ते थोडे वाजतात.

डिफरन्शियलचं ऑइल काढून बघा, हे खरं तर सगळ्यात आधी. दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय. मुळशी-ताम्हिणीकडे पावसाळ्यात ओढे ओलांडले असतील आणि ब्रीदर (हाउसिंगमधली हवा जाण्या-येण्याची वाट) चिखलाने बुजला असेल, तर तापलेलं हाउसिंग गार पाण्यात पडताच सीलमधून पाणी आत ओढतं. ड्रेन प्लगच्या चुंबकावरची करडी पेस्ट चालते, कपच्या चालत नाहीत. ८०डब्ल्यू-९०, जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइलच भरा. जीएल-४ ‘चालतं’ म्हणणाऱ्याला हायपॉइड (क्राऊन-पिनियनच्या, एकमेकांवर सरकणाऱ्या) दातांवर काय घासतं ते माहीत नाही.

टायर राहिलेच. आवाज काँक्रीटवर एक आणि डांबरावर दुसरा येत असेल तर डिफरन्शियलला हात लावू नका. उजवीकडे वळताना वाढत असेल तर डाव्या हबचं बेअरिंग बघा. ट्रान्स्फर केसची (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीची) चेनही फोर-हायलाच कामाला लागते. स्टेथोस्कोप लावायचा तर चारही चाकं स्टँडवर हवीत, नुसती पुढची उचललीत तर गाडी जॅकवरून पळेल.

एवढं करून दात तुटलेले किंवा खरवडलेले दिसले, तर गॅरेजवाला बरोबर आहे आणि सेट घालावाच लागेल. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलतात, बेअरिंगही नवी घाला, आणि बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजवर मोजून घ्या, साधारण ०.१३ ते ०.२० मिमी, नेमका आकडा मॅन्युअलमधला. मात्र पैसे देण्याआधी दुकानातच दात मोजा. क्राऊनचे ४१ ला पिनियनचे १० म्हणजे रेशो ४.१०, मागच्या ॲक्सलचा रेशो याच्याशी जुळला नाही तर नवा सेटही फोर-हायला ओरडेल, आणि ट्रान्स्फर केसची वाट लागेल ते वेगळंच.