इंदूरहून एका रात्रीच्या साध्या कॅम्पिंगला जाताना काय सामान न्यावं आणि खायचं काय?

चौघं मित्र, डिसेंबर, इंदूरजवळच्या चोरल नदीकडे एक रात्र, सगळे पहिल्यांदाच, असं तुम्ही लिहिलंय, आणि कोणता तंबू घ्यावा याची जास्त काळजी दिसतेय. तंबू साधा असला तरी चालेल, त्या दिवसांत पाऊस क्वचितच. मी तुमच्या जागी असतो तर डोकं पाठीखाली काय अंथरायचं यावर लावलं असतं.

माळव्याची थंडी रात्री जमिनीतून चढते. स्लीपिंग बॅग अंगाखाली दबली की तिच्यातली हवा निघून जाते आणि ऊबही जाते. पहिल्या खेपेला आम्ही दोन-दोन ब्लँकेटं पांघरूनही पहाटे चारला दात वाजवत उठून बसलो होतो. आता सगळ्यात खाली ताडपत्री, तिच्यावर सियागंज बाजारातल्या किराणावाल्याकडून मागून आणलेले खोक्यांचे पुठ्ठे, वर फोमची चटई किंवा घरची सतरंजी. पुठ्ठ्यांना हसू नका.

आता जेवण. दुपारी तीनला निघणार म्हणता, आणि डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. तंबू ठोकेपर्यंत अंधार. म्हणून पहिल्या रात्री रांधायचा हट्ट नको. घरून दशम्या न्या. पीठ पाण्याऐवजी दुधात मळलेलं, त्यामुळे दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. सोबत दाण्याची चटणी, बटाट्याची कोरडी भाजी, लोणचं. गरम काही हवंच असेल तर खिचडी, पण तिची तयारी घरीच: दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, मीठ, हळद, तिखट एका पिशवीत आणि पिशवीवर लिहून ठेवायचं, ‘पाणी ८-९ वाट्या’. अंधारात मिठाची पुडी शोधण्यापेक्षा हे बरं.

सकाळी पोहे नाहीत म्हटलं की इंदूरकर तोंड पाडतो, मला ठाऊक आहे. पण पोहे भिजवायला चाळणी आणि जास्तीचं पाणी लागतं. त्याऐवजी रवा फोडणीसकट भाजून डब्यात न्या, उकळत्या पाण्यात टाकला की उपमा. वर सेव आणि जिरावन (पोह्यांवरचा इंदुरी मसाला) भुरभुरलं की तक्रार बंद होते.

पाणी माणशी दिवसाला ४ लिटर धरा, म्हणजे चौघांना १६ लिटर, २० लिटरचा एक जार पुरतो. नदीचं पाणी फक्त भांड्यांसाठी. गॅसची छोटी शेगडी तंबूच्या बाहेरच पेटवायची. बंद तंबूत तिचा कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि झोपेत कळतसुद्धा नाही.

बाकी डोक्याला लावायची बॅटरी माणशी एक (मोबाइलचा उजेड धरून कांदा चिरून बघा एकदा!), काडेपेटी दोन ठिकाणी, सुरी, दोर, बँडेज, एक मोठी कचऱ्याची पिशवी. वनविभागाच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्काम करू नका, ओळखीचं शेत मिळालं तर उत्तम. आणि सांडशी. आम्ही ती विसरलो होतो, तेव्हा खदखदतं पातेलं एकाने पायातले मोजे हातात चढवून उतरवलं. खिचडी छान झाली होती, पण त्याच्या शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं.