तिसऱ्या, म्हणजे रात्रीच्या पाळीत सीएनसी लेथवर (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या कातकामाच्या यंत्रावर) नवे असाल तर

अंधाराची नको, पहाटे 3 ते 5 या वेळेची धास्ती धरा. तेव्हाच बोट चुकतं: ऑफसेटमध्ये (हत्याराच्या जागेची मशीनला दिलेली दुरुस्ती) 0.05 ऐवजी 0.5 पडतो, नाहीतर वजाचं अधिक होतं. म्हणून इन्सर्ट (हत्याराचं बदलता येणारं कापणारं टोक) बदलला की आकडा आधी कागदावर लिहा, मग टाका. पहिला जॉब (घडवायचा तुकडा) सिंगल ब्लॉकवर, म्हणजे प्रोग्रामची एकेक ओळ चालवत, आणि रॅपिड (कापत नसतानाची वेगवान हालचाल) 25 टक्क्यांवर ठेवून काढा. एक्सचा (हत्यार जॉबच्या मध्याकडे-बाहेर नेणाऱ्या अक्षाचा) आकडा बहुतेक लेथवर व्यासाचा असतो, हे झोपेच्या भरात हमखास विसरायला होतं.

जेवणाच्या सुट्टीत मशीन थंडावतं, हिवाळ्यात जास्तच. परतल्यावर स्पिंडल (जॉब फिरवणारा दांडा) 10 मिनिटं रिकामा फिरवा आणि पहिले दोन-तीन जॉब मोजल्याशिवाय ट्रेमध्ये टाकू नका.

रजिस्टरची गंमत वेगळीच. बारानंतर तारीख बदलते, पाळीची मात्र बहुतेक ठिकाणी बदलत नाही. पहिल्याच रात्री सुपरवायझरना विचारून घ्या, नाहीतर सकाळी उत्पादनाचा हिशेब जुळत नाही आणि बोलणी तुम्हालाच बसतात.

स्टोअर रात्री बंद असेल तर इन्सर्ट आणि वंगण तेल आधीच काढून ठेवा. डब्यात भात कमी. 3 नंतर चहा नको, घरी झोप लागत नाही. डोळा लागतोय वाटलं तर फीड होल्ड (हत्याराची सरक थांबवणारं बटण) दाबा, तोंड धुऊन या. आणि हातमोजे घालून फिरत्या चकजवळ (जॉब पकडणाऱ्या भागाजवळ) हात? कधीच नाही.