वाचक विचारतात : मुंबईचा चैत्र-वैशाख

उन्हाळा तोंडावर आला की मुंबईविषयीच्या पत्रांची संख्या वाढते आणि त्यांतील बहुतेकांचा सूर असा असतो, की या दिवसांत या शहरात घामाखेरीज काही नाही. हा समज मला मनापासून खोडून काढावासा वाटतो, म्हणून या वेळी त्याच विषयावरचे चार प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त असून नागपूरला राहतो. एप्रिलच्या मध्यापासून महिनाभर मुलाकडे कांदिवलीला येणार आहोत. आमच्याकडच्या उन्हाची आम्हांला सवय आहे, पण मुंबईचा दमटपणा सोसत नाही. मुलगा म्हणतो, मे महिन्यात घरातच बसावे लागेल. खरोखरच बाहेर पडण्यासारखे काही नसते का?

उत्तर : असते, आणि भरपूर असते, मात्र त्यासाठी दिवसाचे वेळापत्रक बदलावे लागते. नागपूरचे ऊन कोरडे असल्यामुळे सावलीत गेल्यावर बरे वाटते. मुंबईत हवेतील बाष्पामुळे घाम वाळत नाही, म्हणून पारा ३३-३४ अंशांवर असतानाही जीव घाबरा होतो. यावर मुंबईकरांना लाभलेला उतारा म्हणजे आपण शाळेत शिकलो ते खारे वारे. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. ज्या दिवशी पूर्वेकडून येणारे कोरडे वारे जोरात असतात, त्या दिवशी खारे वारे उशिरा पोहोचतात आणि शहर एकदम तापते. सांताक्रूझ येथे १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंशांची नोंद झाली होती. असे दिवस थोडे असतात. हवामान खात्याने उष्णतेचा इशारा दिला असेल तेवढे दिवस घरी थांबावे. एरवी सकाळी सहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेपाचनंतरचा वेळ पूर्णपणे आपला समजावा.

या सकाळींचे सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे रोहित पक्षी. ठाण्याच्या खाडीत ते हजारोंच्या संख्येने असतात, त्यांत लहान रोहित अधिक, आणि पाऊस जवळ आला की त्यांतील बरेचसे कच्छच्या रणाकडे निघतात. म्हणजे आपण येणार आहात तो त्यांच्या मुक्कामाचा उत्तरार्ध आहे. खाडीचा हा भाग २०१५ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या चिखलात हे पक्षी चोच उलटी धरून शेवाळ गाळून खातात, आणि त्या शेवाळातील रंगद्रव्यानेच त्यांच्या पिसांना गुलाबी छटा येते. पाणी चढू लागले की ते हळूहळू काठाच्या बाजूला सरकतात. शिवडीच्या किनाऱ्यावरून त्यांना पाहायचे असेल, तर ओहोटी पूर्ण झाल्यावर दीड-दोन तासांनी, पाणी चढत असताना पोहोचावे. ज्येष्ठांना ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र अधिक सोयीचे पडेल. ते कांदिवलीहून लांब आहे खरे, पण तेथून खाडीत होडीने नेतात. तिची नोंदणी आधी करावी लागते, आणि होडीला पाणी लागत असल्यामुळे तिची वेळ भरतीनुसार रोज बदलते.

भरतीचा हा हिशेब एकदा समजला की मुंबईचा उन्हाळा निम्मा सोपा होतो. कोकणच्या किनाऱ्यावर चालत आलेला आडाखा असा, की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता; आणि त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. हा अंदाज अर्ध्या-पाऊण तासाने मागेपुढे होतो, म्हणून निघण्यापूर्वी त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावेच, पण आठवड्याचा बेत आखायला हा आडाखा पुरेसा आहे. त्यावरून लक्षात येईल, की होडीसाठी दशमी ते द्वादशीच्या सकाळी चांगल्या, कारण तेव्हा भरती ऊन चढण्यापूर्वी येते. आणि काठावरून पाहण्यासाठी पौर्णिमा किंवा अमावास्या उलटल्यानंतरचे दोन-तीन दिवस चांगले, कारण तेव्हा ओहोटी सकाळी लवकर असते. किनाऱ्यावरचे लोक या तिथींच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या आसपासच्या मंद भरती-ओहोटीला भांग.

दुसरे आकर्षण झाडांचे आहे आणि त्यासाठी कोणतीही नोंदणी लागत नाही. एप्रिल-मे हा मुंबईच्या रस्त्यांवरचा खरा फुलांचा हंगाम आहे. सोनमोहराखालचे पदपथ पिवळे होतात, बहाव्याचे झुंबर लोंबू लागतात, गुलमोहर पेटतो, आणि आपल्या राज्याचे फूल असलेला ताम्हण याच दिवसांत जांभळा होतो. जुनी, मोठी, सावली देणारी झाडे पाहायची तर दादर-माटुंग्याच्या पारशी कॉलनीत आणि तिथल्या पाच उद्यानांच्या परिसरात सकाळी फिरावे. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६० च्या दशकापासूनची आहे. लोक तेथे पेंग्विन पाहायला धावतात, पण माझ्या मते त्या बागेचे मोल तिच्या वृक्षसंग्रहात अधिक आहे. खोडालाच फुले धरणारा कैलासपती तेथे थांबून पाहावा. बाग बुधवारी बंद असते. आपल्या घराजवळचे बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते. इतर दिवशी सकाळी लवकर गेलात तर पानगळ झालेल्या जंगलात कुसुमाची कोवळी तांबडी पालवी अजून दिसू शकेल. कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी मात्र या दिवसांत सगळी पाहण्याचा हट्ट धरू नये. काळा खडक तापला की चढण जड जाते. पहिली काही लेणी आणि पावसाचे पाणी साठवण्यासाठी भिक्षूंनी खोदलेल्या पोढी पाहून ऊन चढण्याआधी परतावे.

दुपारी फोर्टमधील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासारखी छताखालची ठिकाणे निवडावीत. उघड्या मैदानावरचा, दुपारपर्यंत लांबणारा कोणताही कार्यक्रम, तो कितीही मोठा असला तरी, आपल्या वयात टाळावा. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे अशाच एका कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला होता. आपण नागपूरचे असल्यामुळे उन्हाची सवय आहे, या भरवशावर विसंबू नये, कारण कोरड्या उन्हाची सवय दमट हवेत उपयोगी पडत नाही. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहावे. पन्हे आणि मीठ घातलेले कोकम सरबत हे दोन्ही उत्तम. रस्त्यावर ताडगोळे दिसले की जरूर घ्यावेत, फक्त ते समोर सोलून घ्यावेत.

प्रश्न : मी डोंबिवलीला राहते. मुले आठ आणि अकरा वर्षांची आहेत. सुट्टीतील शिबिरांचे शुल्क आम्हांला परवडणारे नाही. मोबाइलपासून मुलांना दूर ठेवणारे, कमी खर्चाचे काही सुचवाल का?

उत्तर : पहिली गोष्ट फुकटची आहे आणि वर्षातून नीट पाहण्याची संधी एकदाच येते. मकरवृत्त आणि कर्कवृत्त यांच्या दरम्यानच्या प्रत्येक गावी वर्षातून दोन दिवस भर माध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे राज्यातील प्रत्येक गावाला हा अनुभव मिळतो, पण दुसरा दिवस जुलैत येतो आणि तेव्हा ढग असतात. मुंबईत हा दिवस साधारण १५-१६ मे रोजी येतो, आपल्याकडे १६-१७ मे रोजी. वेळ बारा वाजताची नसून दुपारी साडेबारानंतर चार-पाच मिनिटांची असते, कारण आपली घड्याळे प्रयागराजजवळून जाणाऱ्या रेखावृत्ताप्रमाणे लावलेली आहेत आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत.

मुलांना हे केवळ त्या दिवशी दाखवू नका. एप्रिलच्या अखेरीपासूनच गच्चीत एक काठी किंवा पाइपचा तुकडा ओळंब्याने सरळ उभा करा आणि दर दोन-तीन दिवसांनी त्याच वेळी सावलीचे टोक खडूने आखायला सांगा. सावली दिवसागणिक आखूड होत जाते, एका दिवशी नाहीशी होते आणि नंतर उलट्या बाजूला, म्हणजे दक्षिणेकडे पडू लागते. ही शेवटची गोष्ट मुलांना सर्वांत जास्त चकित करते, कारण आपल्याकडे माध्यान्हीची सावली नेहमी उत्तरेलाच पडते असे त्यांना वाटत असते. कोल्हापूरला हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि नागपूरला २६ मेच्या सुमारास. तिकडच्या मामा-मावशींना दूरध्वनी करून त्यांच्याकडची सावली कधी गेली हे विचारायला लावले, तर अक्षांश म्हणजे काय ते पुन्हा शिकवावे लागणार नाही. उन्हात मात्र टोपी घालून दहा मिनिटांपेक्षा अधिक थांबू नये आणि सूर्याकडे थेट पाहू देऊ नये.

दुसरी गोष्ट म्हणजे ओहोटीचा किनारा. वर नागपूरच्या वाचकांना सांगितलेल्या हिशेबाने पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची एखादी सकाळ निवडा आणि वांद्र्याच्या खडकाळ किनाऱ्यावर जा. खडकांतल्या डबक्यांत समुद्रफुले, शंखात घर केलेले खेकडे, खडकाला चिकटलेली कालवे आणि चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या दिसतात. घट्ट बूट घालावेत, कोणताही जीव उचलून आणू नये, हातही लावू नये, आणि पाणी वळले की लगेच मागे फिरावे. जाणकारांसोबत जाणे केव्हाही चांगले. मुंबईत निसर्गप्रेमी गट अशा फेऱ्या काढतात आणि त्यांतील काही निःशुल्क असतात. रविवारी निघणार असाल तर मेगाब्लॉकचे वेळापत्रक आदल्या दिवशीच पाहून ठेवा.

आणि एक तरी बालनाट्य दाखवा. सुट्टीतील बालनाट्य ही मुंबईच्या मराठी घरांची जुनी रीत आहे. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ सुरू केले, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या मुले या प्रयोगांना गेली आहेत. दादरच्या शिवाजी मंदिरापर्यंत जाण्याची गरज नाही, आपल्या गावच्या सावित्रीबाई फुले कलामंदिराच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. तिकिटाला थोडा खर्च येईल, पण तो एका शिबिराच्या शुल्कापेक्षा कितीतरी कमी असेल.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो आणि बऱ्याच वर्षांनी मेच्या पहिल्या पंधरवड्यात मुंबईला येत आहे. चांगला हापूस कोठे आणि कसा ओळखून घ्यावा? परत जाताना एक पेटी सोबत नेता येईल का?

उत्तर : दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो : नेता येणार नाही. अमेरिकेत भारतीय आंब्याला २००७ पासून प्रवेश मिळतो, पण तो विकिरण प्रक्रिया आणि तपासणी झालेल्या व्यापारी मालाला. प्रवाशाच्या सामानातील ताजा आंबा विमानतळावर काढून घेतला जातो. तेव्हा येथेच पोटभर खाऊन जावे, आणि त्यासाठी आपण निवडलेला काळ उत्तम आहे. मार्चमध्ये येणारा आंबा महाग असतो. एप्रिलच्या उत्तरार्धापासून आवक वाढते आणि भाव उतरतात. अनेक घरांत अक्षय्य तृतीयेला नैवेद्य दाखवल्याशिवाय आंबा खात नाहीत, आणि ही रीत हंगामाच्या दृष्टीनेही शहाणपणाची आहे.

शहरात महात्मा जोतिबा फुले मंडई, म्हणजे जुने क्रॉफर्ड मार्केट, पाहण्यासाठीसुद्धा जावे. ही इमारत १८६९ मधील आहे. घाऊक व्यवहार आता वाशीला होतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तरीही कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाने विकला जातो. कोकणच्या हापूसची साल पातळ असते, गर केशरी असतो आणि पिकल्यावर देठाजवळचा वास हात न लावताही येतो. वास नसलेला, एकसारखा पिवळा, हाताला टणक लागणारा आंबा घेऊ नये. कार्बाइडने पिकवण्यास कायद्याने बंदी आहे, पण खात्री करून घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे कच्चा किंवा अर्धवट तयार आंबा घेऊन घरी गवताच्या अढीत पिकवणे. दोन आठवड्यांच्या मुक्कामात त्यासाठी वेळ पुरतो, फक्त पेटी पहिल्या दोन दिवसांतच घ्यावी. पिकण्यापूर्वी तो शीतकपाटात ठेवू नये. आत साका, म्हणजे गराचा पांढरट, स्पंजासारखा झालेला भाग, निघाला तर तो विक्रेत्याचा दोष मानू नये, कारण बाहेरून तो कोणालाच दिसत नाही.

प्रश्न : १ मे रोजी सकाळी मुंबईत काय पाहावे? आम्ही ठाण्याहून एका दिवसासाठी येणार आहोत.

उत्तर : सकाळी शिवाजी पार्कवर महाराष्ट्र दिनाचे ध्वजारोहण आणि संचलन असते, त्यासाठी बरेच आधी पोहोचावे लागते. ते जमणार नसेल तर थेट हुतात्मा चौकात जावे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात प्राण दिलेल्यांना तेथे त्या दिवशी फुले वाहिली जातात, आणि १९६० मध्ये हे राज्य कशातून उभे राहिले ते मुलांना सांगायला याहून योग्य जागा नाही. सुट्टीमुळे फोर्टचे रस्ते मोकळे असतात. त्याचा फायदा घेऊन ओव्हल मैदानाच्या कडेने चालावे : एका बाजूला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालयाच्या गॉथिक इमारती, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको शैलीच्या निवासी इमारती. हा सगळा परिसर २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. साडेनऊपर्यंत हे आटोपून जवळच्याच एखाद्या जुन्या उपाहारगृहात नाश्ता करावा, आणि दुपार छताखालच्या एखाद्या ठिकाणी काढून सूर्यास्ताच्या तासभर आधी मरीन ड्राइव्हवर पोहोचावे. तोवर खारे वारे चांगले स्थिरावलेले असतात.