नदीच्या कामाला पैसे मिळतात, माणसांच्या पगाराला नाही

प्रश्न : आम्ही सोलापूरचे, सीना नदीवर काम करतो, काठची झाडं, कचरा, पाणी तपासणी वगैरे. संस्था रजिस्टर होऊन चार वर्षं झाली. कंपन्या झाडांना पैसे देतात पण अकाउंटंट आणि एका पूर्णवेळ माणसाचा पगार म्हटलं की नाही म्हणतात. काय करावं?

उत्तर : अहो, हेच तर खरं दुखणं आहे, हिशेब ठेवणारं कुणी नसलं तर पुढची ग्रँट येणार कुठून! आधी १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी देणारी नोंदणी), ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी नोंदणी) आणि सीएसआर-१ नंबर (कंपन्यांचा सीएसआर म्हणजे सामाजिक कामासाठीचा पैसा घ्यायला लागणारी सरकारी नोंदणी) आहे ना बघा, शिवाय स्वतः न काढलेल्या, बाहेरच्या संस्थेला पैसे देताना कंपनी तिचा तीन वर्षांचा अनुभव बघते, तो तुमच्याकडे आहे. कंपन्या सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांची मर्यादा पुढे करतात, पण २०२१ च्या सीएसआर नियमात ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, तुमच्या प्रोजेक्टवर राबणाऱ्या माणसाच्या पगाराला नाही, त्यामुळे तो पगार वरखर्चात न दाखवता थेट प्रोजेक्टच्या बजेटमध्ये घाला, कामाचे महिने लिहून. आणि हत्तरसंग कुडलला सीना भीमेला मिळते तिथपर्यंतच्या पाण्याच्या नोंदी प्रस्तावाला जोडा, फोटोंपेक्षा त्या जास्त बोलतात. परदेशी पैसा मात्र एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय घेऊ नका.