मान मोडून घ्यायला जाण्याआधी

ताई, तुम्ही लिहिलंय की भावाची मान पाच दिवसांपासून धरली आहे, डोक्यामागे उजवीकडे "कधी नव्हतं असं" दुखतंय, आणि रील्स बघून तो शनिवारी कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने झटका देऊन मणके 'बसवणाऱ्याकडे', मान मोडून घ्यायला निघालाय. शनिवारची वेळ रद्द करा आणि त्याला आजच डॉक्टरांना दाखवा. मी १९ वर्षं फिजिओथेरपी करतेय, त्या अनुभवावरून सांगते.

माझ्या टेबलावर मानेच्या मणक्यांचं मॉडेल आहे. प्रत्येक मणक्याला दोन्ही बाजूंनी बारीक भोकं असतात. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणारी व्हर्टिब्रल धमनी सहाव्या मणक्यापासून वर या भोकांत ओवलेली असते आणि पहिल्या मणक्यावरून वळसा घेऊन कवटीत शिरते. मान वळते ती निम्मी पहिल्या-दुसऱ्या मणक्यातच. मॉडेलची मान झटक्यात फिरवली की लाल नळी नेमकी तिथे ताणली जाते. खऱ्या धमनीच्या अस्तराला अशी चीर गेली तर गुठळी धरते. ती सुटून मेंदूत गेली की स्ट्रोक. कधी लगेच, कधी काही दिवसांनी.

असं क्वचितच होतं, हेही खरं. चीर झटक्यानेच पडते का, यावर वाद आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ साली म्हटलं की संबंध दिसतो, कारण सिद्ध नाही. तरी हा धोका पेशंटला आधी सांगायला हवा. वादाची मेख अशी की चीर आधीच पडलेली असली तरी पहिलं लक्षण बहुधा मान आणि डोकं दुखणं हेच असतं. म्हणजे माणूस नेमकं ते दुखणं घेऊन मान मोडायला जातो! म्हणून मी तुमच्या "कधी नव्हतं असं" पाशी थबकले.

एक शिक्षिका "मान आखडलीय" म्हणून आल्या होत्या. चष्मा काढायला सांगितला, तर डावी पापणी किंचित उतरलेली, बाहुली उजवीपेक्षा लहान. मी मानेला हातच लावला नाही, थेट न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. मानेच्या पुढच्या बाजूने मेंदूकडे जाणाऱ्या कॅरॉटिड धमनीत चीर निघाली. औषधांनी बऱ्या झाल्या.

मान मोडताना येणाऱ्या 'कट्' आवाजाने मणका जागेवर बसत नाही. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. सलूनमध्ये मालिश झाल्यावर हनुवटी धरून मान वाजवतात, तीही नको.

भावाला चक्कर, दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळताना ठसका, चालताना तोल जाणं, चेहरा बधिर होणं, यातलं काहीही झालं तर "झोपून उठल्यावर बघू" म्हणू नका. १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

डॉक्टरांनी धमनी ठीक आहे म्हटलं तर शेक, हलके व्यायाम आणि झटका न देता केलेली हळुवार हालचाल, एवढ्यावर बहुतेकांची मान काही आठवड्यांत सुटते.

आत्ता त्याला उजेडात बसवून दोन्ही पापण्या आणि बाहुल्या बघा. पडला होता का, गाडीला धक्का बसला होता का, हेही विचारा आणि इथे कळवा. पण बघण्यात काही वेगळं वाटलं तर मला लिहीत बसू नका, आधी हॉस्पिटल गाठा.